न उलटणारी होडी

होडी घ्यायच्या आधी यांनी माझं वजन केलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे नेलं, चपला काढायला लावून काट्यावर उभं केलं आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहून घेतला. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. परत येताना म्हणाले, "छान. बासष्ट. होडीला अगदी योग्य." बासष्ट किलो असल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी शाबासकी दिली.

आम्ही हडपसरला राहतो. दोन खोल्या, तिसरा मजला. हे इथल्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. केसाइतका फरकसुद्धा चालत नाही अशी कामं यांनी अडतीस वर्षं केली, आणि घरीही तसेच वागले. साडेसहाला येतो म्हणाले की साडेसहाला दारात. नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसते, तर "रंग जमला नाही" म्हणून मोकळे. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण माझ्या आमटीला चांगली म्हणाले असतील ते चार-पाच वेळा, आणि त्या चार-पाच वेळा ती खरंच चांगली होती. गोड बोलणारा नवरा मिळाला नाही याचं मला वाईट वाटलं नाही. खरं बोलणारा मिळाला होता. दोन्ही एकत्र मिळत नाहीत हे मला माहेरीच कळलं होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी सगळं वाचते, इंग्रजी येत नाही. त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो हे वाचायचे, मला दोन वाक्यांत सांगायचे आणि सही करायची त्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारायचे. फुली दिसली की मी सही करायची. बँक, विमा, फ्लॅटचे कागद, मुलीच्या कॉलेजचे कागद, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद. किती फुल्या झाल्या असतील कोण जाणे. कधी विचारलं नाही की यात अजून काय लिहिलंय. विचारायची गरजच पडली नाही.

होडीचं वेड निवृत्तीनंतरचं. खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाच्या होड्या चालवणारा एक क्लब आहे. कारखान्यातल्या एका मित्राने यांना तिथे नेलं आणि दोघं म्हातारे शिकले. दोन वर्षं दर रविवारी दोन बस बदलून जायचे, काळे होऊन यायचे. माझी तक्रार नव्हती. रविवारी घर मोकळं मिळायचं. मग तो मित्र कायमचा मुलाकडे नाशिकला गेला आणि यांचा जोडीदार संपला. ती होडी दोन माणसांची. एक सुकाणू धरतो, दुसरा पुढचं शीड बघतो आणि वाऱ्याच्या बाजूला बसून वजन तोलतो. क्लबातल्या तरुण पोरांना सत्तरी उलटलेला जोडीदार नको होता. यांनी ठरवलं की आता स्वतःची जुनी होडी घ्यायची आणि जोडीदार मी.

मी नाही म्हटलं.

त्याचं कारण यांना लग्नापासून माहीत होतं. आमचं गाव पुरंदरच्या बाजूचं, कोरडं. पाणी म्हणजे एक विहीर. मी सात वर्षांची असताना माझी चुलत बहीण त्या विहिरीत गेली. पडली की काय, ते मोठ्यांनी कधी बोललं नाही. तिला बाजेवर घालून वर काढली तेव्हा मी काठावर होते. तिचा परकर पाण्याने फुगून भोपळ्यासारखा झाला होता, एवढंच आठवतं. तेव्हापासून घोट्याच्या वरच्या पाण्यात मी पाय घातलेला नाही. मुलीने एकदा हौसेने कोकणात नेलं तेव्हा मी वाळूत बसून तिघांच्या चपला राखल्या.

हे वाद घालणाऱ्यातले नव्हेत. यांची पद्धत वेगळी. एका सकाळी उठले आणि हॉलच्या फरशीवर खडूने होडी काढली. खऱ्या मापाची. टोक टीव्हीखाली, शेपूट मोरीच्या दाराशी. आत दोन पाट ठेवले, शिडाच्या आडव्या दांडीच्या जागी कपडे वाळत घालायची काठी दोरीने टांगली. "जरा बसून तर बघ, गुडघा दुखतो का." मी बसले. काठी इकडून तिकडे आली की डोकं खाली घालायचं, उठून पलीकडच्या पाटावर जायचं. माझ्या गुडघ्याला किती जागा लागते, कुठे हात टेकते, सगळं मोजून यांनी डायरीत लिहिलं. कामवाली विचारायची, "होडीवरनं पुसू का कडेकडेनं?" कडेकडेनं पुस, असं हे सांगायचे. महिनाभर आमच्या हॉलमध्ये होडी होती. मी तीत बसून मेथी निवडायची, कारण पंखा बरोबर तिच्यावर होता.

सांगायचं ते हे की माझ्यासाठी एवढं मोजमाप कुणी कधी केलं नव्हतं. लग्नात ब्लाउजचं मापसुद्धा मोठ्या बहिणीच्या अंदाजाने दिलं होतं. त्यामुळे माझं नाही हळूहळू सैल होत गेलं.

मग आम्ही होड्या पाहायला गेलो. मुली पाहतात तसंच, फक्त पोहे नव्हते. पावसाळा संपला होता, धरण भरलेलं होतं. विकायच्या तीन होड्या काठावर उलथ्या-पालथ्या ठेवलेल्या. पहिली अरुंद, लांबोडकी. मी म्हटलं, यात माझा एकच पाय मावेल. दुसरी पांढरी, पसरट, आत दोन रुंद बाकं. तिसरी बुटकी, जाड, तळाला खाली लोखंडाचा जड पंखा. तिथला राखणदार, चाळिशीचा, जवळच्या गावातला माणूस. त्याने तिसरीवर थाप मारली. म्हणाला, "आजी, तुमाला ही. ही किती बी कलली तरी सरळ हुती. बुडाला लोखंड हाय."

मला तीच पसंत पडली. यांनी तोंड वाकडं केलं. ती म्हैस आहे, म्हणाले, वाऱ्यात हलायची नाही. आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तो पंखा गाळात रुतून बसेल, मग चार महिने होडी काठावर. हे कारण मला पटलं. उन्हाळ्यात खडकवासल्याचं काय होतं ते पुण्यात सगळ्यांना नळाला कळतं.

मग हे पांढरीपाशी गेले. तिच्या कडेवर तळहात ठेवून उभे राहिले, आणि यांना हीच हवी आहे हे मला दिसलं. मी राखणदाराला जरा लांब जाऊ दिलं आणि यांना म्हटलं, "एकच विचारते. ही उलटते का? उलटत असेल तर तसं सांगा. मी येणार नाही आणि रागावणारही नाही. तुम्ही दुसरं कुणी शोधा."

"नाही उलटत," हे म्हणाले. "रुंद आहे ना. म्हणून तर तुझ्यासाठी ही."

माझ्याकडे बघून म्हणाले. नजर चुकवली असती तर मी ओळखलं असतं.

होडी दोघांच्या नावावर घेतली. तेही यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. क्लबचा कागद घरी आणला, मी काय आहे विचारलं, तर म्हणाले, "सभासदत्वाचा. नाव, पत्ता, वय." खाली पेन्सिलीची फुली होती. मी सही केली.

दसऱ्याला होडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घालून, वर ते नारिंगी जाकीट चढवून मी पाण्यावर गेले. खोटं कशाला सांगू, मला आवडलं. पहिल्या दिवशी डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या रविवारी उघडले. इंजिन नाही, आवाज नाही, पाणी तळाला नुसतं चाटून जातं. मागे सिंहगड. मी दोरी धरायला शिकले, हे "चल" म्हणाले की डोकं खाली घालून पलीकडे जायला शिकले. ते हॉलमध्ये पाठ झालंच होतं. कडेला भरारा पाणी जाताना हात बुडवायचीही सवय झाली. अडुसष्टाव्या वर्षी मी पाण्यात हात घातला.

एकदा मात्र वारा चढला. होडी एवढी कलली की खालची कड पाण्याला लागली आणि थोडं पाणी आत आलं. हे माझ्यावर ओरडले, "बाहेर! बाहेरच्या बाजूला वाक!" मी वाकले, आणि हसले. मोठ्याने हसले, कारण मला माहीत होतं की ही उलटत नाही. होडी सरळ झाल्यावर पाहिलं तर यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं पित्त झालं. घरी आल्यावर आल्याचा रस दिला.

त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

डिसेंबरातला रविवार होता. आम्ही नेहमीसारखे सकाळी पोचलो. हे होडीवरचं कापड सोडायला गेले आणि मी डबा घेऊन पायऱ्यांवर बसले. समोर पाण्यात आयटीतलं एक जोडपं होतं, नवीनच यायला लागलेलं. त्यांच्याकडेही आमच्यासारखीच पांढरी होडी, त्याच कारागिराची, तसलीच बाकं. ती दोघं एका बाजूला उभी राहिली, शीड ओढलं, आणि होडी आडवी झाली. मग पूर्ण पालथी. दोघं पाण्यात. मी उठून उभी राहिले, डबा सांडला. काठावरची माणसं मात्र टाळ्या वाजवत होती. मग ती मुलगी पोहत मागे गेली, तळातून निघणाऱ्या फळीवर चढली, दाबलं, आणि होडी पाणी गाळत सरळ झाली.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, तुमची होडी खराब आहे का.

"नाही हो आजी, ड्रिल आहे," ती केस पिळत म्हणाली. "कॅपसाइज ड्रिल. कंपल्सरी असतं ना इथे सगळ्यांना. तुम्ही पण केलं असेल की. सॉलिड आहात तुम्ही, या वयात."

मी म्हटलं, मी नाही केलं.

ती गोंधळली. म्हणाली, असं कसं, फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. मी तो फॉर्म दाखव म्हटलं. तिने ओल्या हाताने पिशवीतून फोन काढला, उघडला आणि मला मराठीत सांगत गेली. मला पोहता येतं. उलटलेली होडी सरळ करण्याचा सराव मी केला आहे. होडी उलटू शकते आणि त्यात काय धोके आहेत ते मला समजावून सांगितलं आहे आणि मी ते मान्य करते. खाली सहीची रेघ होती. त्या रेघेवर मला फुली दिसायला लागली, तिच्या फोनवर नसलेली.

राखणदार जवळच दोर गुंडाळत होता. मी त्याला विचारलं, आमची होडी उलटते का.

"उलटती की," तो म्हणाला. मग त्याने मान खाली घातली. "साहेबांनी सांगितलं हुतं, आजींफुडं ती गोष्ट काढायची न्हाई. म्या म्हनलं, घरचा मामला हाय."

म्हणजे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही आलो की कुणी ड्रिलबद्दल बोलत नव्हतं. मला सगळे आजी, आजी म्हणून हाताला धरून होडीत बसवायचे, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त जी आत बसत होती तिला.

मी यांच्याकडे गेले. शीड चढवून झालं होतं. मी म्हटलं, "उलटवा."

"काय?"

"ही होडी. मला उलटताना बघायची आहे."

यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, त्या ओल्या मुलीकडे पाहिलं, मग जाकीट घट्ट केलं. राखणदार दुसरी होडी घेऊन शेजारी थांबला. हे एकटेच थोडं आत गेले, कडेवर बसले, शीड ओढलं आणि मागे न वाकता तसेच राहिले. मी मनात मोजत होते. तीनसुद्धा झाले नाहीत.

उलटायला वेळ लागला नाही, सरळ करायला लागला. हे फळीवर चढायचे आणि घसरायचे. दोनदा घसरले. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात किती जोर असणार? तिसऱ्या वेळी राखणदाराने पलीकडून ओढलं तेव्हा होडी उठली. मी काठावरून शीड बघत होते. ते पाण्यावर पसरलं होतं, ओल्या गोधडीसारखं, मी पडले असते तिथेच. मी त्याखाली असते आणि काय झालं ते मला कळलंही नसतं, कारण उलटत नाही असं मला सांगितलेलं होतं. घाबरायचं की हात मारायचा, एवढंही मला कुणी शिकवलेलं नव्हतं. यांना मोजता येतं. हे सगळं यांनी मोजलेलं असणार.

हे निथळत बाहेर आले. दात वाजत होते. म्हणाले, "मी तुला धरलं असतं."

"कुठल्या हाताने?" मी विचारलं.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, कारण दुसरी जागा नव्हती. घरी येऊन मी पाणी तापवून दिलं. सर्दी झाली तर निस्तरायला मीच होते. अंघोळ करून आल्यावर हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसते आले. ते ठरवायचं काम माझं होतं."

"मला तुझ्याशिवाय जायचं नव्हतं."

हे वाक्य अठ्ठेचाळीस वर्षांत यांनी पहिल्यांदा म्हटलं. इतर कुठल्याही दिवशी म्हटलं असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. त्या दिवशी मी त्यातलं खरं किती आणि खोटं किती ते शोधत बसले. असं मला पूर्वी कधी करावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीला फोन केला. तिला माहीत होतं. पंजाबी ड्रेस तिनेच दिलेला. म्हणाली, "अगं आई, बाबांना किती हौस होती. जाकीट होतं ना अंगात? आणि शेवटी तुला आवडलंच ना?"

मी फोन ठेवला. आवडलं होतं हे खरं. पण मला जी आवडली ती न उलटणारी होडी. तशी होडी तिथे होती, तळाला लोखंड असलेली, मी तिच्यावर हात ठेवला होता. यांना ती आवडली नाही, म्हणून यांनी दुसरीला तिचं वर्णन चिकटवलं आणि मला त्यात बसवलं. भीती माझी, मोजमाप माझं, वजन माझं, आणि होडी यांच्या पसंतीची.

पुढचे रविवार आम्ही दोघं घरी होतो. मी जाऊ नका म्हटलं नव्हतं. हेच गेले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, होडी विकतो. मी म्हटलं, विका किंवा ठेवा, होडी माझ्याशी खोटं बोललेली नाही. यावर हे बराच वेळ पेपर वाचत राहिले.

गिऱ्हाईक मिळालं. दोघांच्या नावावर असल्याने विक्रीच्या कागदावर माझी सही लागणार होती. यांनी कागद टेबलावर ठेवला. खाली फुली. सवयीने मारली असणार, कारण मी बघते आहे हे पाहून यांचा हात पेन्सिलीवरच थांबला.

मी म्हटलं, "हे सगळं मराठीत लिहून द्या. एकही ओळ न गाळता. खाली तुमची सही करा."

"दोन वाक्यांत सांगतो ना."

"दोन वाक्यं नकोत."

हे लिहायला बसले. टूलरूममधलं अक्षर, छापल्यासारखं. पाऊण तास लागला. मी तोवर भाकरी थापून घेतल्या. दोन पानं झाली. मी ती घेतली, इंग्रजी कागद घेतला, चपला घातल्या आणि पहिल्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहतात त्यांच्याकडे गेले. हे दारात उभे राहून मी जिना उतरताना बघत होते.

बाईंनी चष्मा लावून दोन्ही कागद ओळीने ताडून पाहिले. म्हणाल्या, "शब्दाला शब्द आहे हो. फार नीट लिहिलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण तुम्ही खाली कशाला आलात? काकांनीच लिहिलंय ना?"

मी म्हटलं, म्हणूनच.

वर आले तेव्हा हे त्याच जागी होते. "जुळलं?" यांनी विचारलं.

"जुळलं," मी म्हटलं. खोडरबर घेऊन फुली पुसली आणि सही केली.

होडी गेली. यांना आता सकाळी चालायला जायला सांगितलंय, तेवढं जातात. रागावलेली वगैरे मी नाही. जेवण वेळेवर होतं, बोलणंही होतं. फक्त झोपायच्या आधी हे म्हणतात की गॅस बंद केलाय, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि बटणाला हात लावून बघते. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, पण जागे असतात.

गॅस बंदच असतो. एकदाही चालू सापडलेला नाही.